वादळात गेलेली बाग आणि शासनाची मदत

रत्नागिरी जिल्ह्यातील शेतीचे ढोबळ मानाने दोन भाग पडतात. सखल मळ्यांत भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, हा पहिला भाग होय. दुसरा भाग बागायतीचा. कातळावर खड्डे फोडून वाढविलेला हापूस, उतारावरील काजू आणि समुद्रकाठच्या आगरांतील माड व पोफळी ही या भागाची मुख्य संपत्ती आहे. पहिल्या भागातील पीक बुडाले तर एका हंगामाचे उत्पन्न जाते. पुढच्या मृगात शेतकरी पुन्हा पेरणी करू शकतो. बागायतीची गोष्ट निराळी आहे. वादळात उन्मळून पडलेले आंब्याचे झाड हे केवळ त्या वर्षीचे नुकसान नसते. नवे कलम लावल्यावर पाचव्या-सहाव्या वर्षी फळ दिसू लागते आणि बाग भरात येण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. उंच जातीचा माड व पोफळ यांनाही सहा-सात वर्षे द्यावी लागतात.

अशा दीर्घकाळाच्या नुकसानीत विमा नसलेल्या बागायतदाराला शासनाच्या आपत्ती मदतीचाच मुख्य आधार असतो. ही मदत कोणत्या नियमांनी मिळते, ती किती असते, ती कोठे अडते आणि हाती आल्यावर तिचा उपयोग कसा करावा, हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असणे अगत्याचे आहे. गेल्या काही वर्षांच्या अनुभवावरून एक गोष्ट मात्र निश्चित सांगता येते. मदत वादळानंतर जाहीर होत असली, तरी ती कोणास व किती मिळणार हे बहुतांशी वादळापूर्वीच्या नोंदींवरून ठरत असते.

गेल्या काही वर्षांतील आपत्ती

कोकण किनाऱ्याला वादळे अगदीच अपरिचित होती असे नाही. तथापि २००९ सालापासून त्यांचा उपद्रव अधिक जाणवू लागला. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला आलेल्या ‘फयान’ वादळाने मच्छीमारांची मोठी हानी केली. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ वादळाच्या काळात पाऊस लांबला आणि कापणीस आलेले भात शेतातच भिजून गेले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्याचा तडाखा रायगड जिल्ह्याप्रमाणेच रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडील मंडणगड व दापोली या तालुक्यांना बसला. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै या पट्ट्यातील आगरांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले माड आणि पोफळी काही तासांत जमीनदोस्त झाल्या.

पुढील वर्षी, १६ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यासमोरून गुजरातेकडे गेले. ते येथे जमिनीवर आले नाही, तरी वाऱ्याने झाडांवरील आंबा गळून पडला आणि अनेक कलमे मोडली. त्यानंतर दोन महिन्यांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठी नदीच्या महापुराने चिपळूण शहर व आसपासचा भाग पाण्याखाली गेला. नदीकाठच्या शेतांत गाळ बसला. डोंगराळ भागात दरडी कोसळून मनुष्यहानी झाली आणि जमिनीही गेल्या. अवघ्या चौदा महिन्यांत तीन आपत्ती आल्यामुळे पहिल्या नुकसानीतून सावरण्याची उसंत अनेक कुटुंबांना मिळालीच नाही.

विमा कोठपर्यंत पुरतो

‘बागायतदाराने विमा उतरविला असता तर मदतीची वाट पाहण्याची वेळ आली नसती’ असे पुष्कळदा म्हटले जाते. हे म्हणणे काही अंशीच खरे आहे. आंबा व काजू या पिकांसाठी हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे. तिच्यात अवेळी पाऊस, कमी वा जास्त तापमान आणि वेगाचा वारा हे धोके धरलेले असतात. महसूल मंडळातील हवामान केंद्रावर झालेल्या नोंदीवरून भरपाई ठरते. बागेत येऊन झाडे मोजली जात नाहीत. म्हणजे हा विमा त्या हंगामातील फळाचा आहे, झाडाचा नव्हे. झाड मुळासकट पडले म्हणून वेगळी भरपाई या योजनेत मिळत नाही.

दुसरी मर्यादा मुदतीची आहे. त्या वर्षांत आंब्यासाठी अवेळी पाऊस व वारा या धोक्यांचे संरक्षण १५ मे रोजी संपत असे. ‘तौक्ते’ वादळ आले ते १६ मे रोजी. झाडावर आंबा होता, पण विम्याची मुदत आदल्याच दिवशी पुरी झाली होती. ‘निसर्ग’ तर जूनमध्ये आले. त्यामुळे ज्यांनी हप्ता भरला होता असे आंबा बागायतदारही या दोन वादळांपुरते विमा नसलेल्यांच्याच पंक्तीत येऊन बसले.

माडासाठी नारळ विकास मंडळाने स्वतंत्र विमा योजना आखली. तीत चार ते साठ वर्षे वयाच्या फळत्या झाडांना संरक्षण होते आणि हप्त्याचा तीन चतुर्थांश भाग केंद्र व राज्य शासनाने उचलण्याची सोय होती. झाडामागे विम्याची रक्कम वयानुसार ९०० किंवा १,७५० रुपये इतकीच असल्याने मोठ्या भरपाईची अपेक्षा तिच्याकडून करता येत नव्हती. तरीही येथे विमा झाडाचा होता, हे विशेष. पोफळीला मात्र राज्याच्या फळपीक विमा योजनेत स्थान नव्हते. जायफळ, मिरी यांसारख्या आगरातील मिश्रपिकांचीही तीच गत होती. सारांश, आगराचा मालक विम्याबाबत उदासीन होता असे म्हणण्यापेक्षा त्याच्या पिकाला पुरेसा विमाच उपलब्ध नव्हता, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विमा उतरविला असेल तर सरकारी मदत मिळत नाही, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. ती चुकीची आहे. आपत्ती मदत ही विम्यावर अवलंबून नाही. पात्र शेतकऱ्याला विम्याची भरपाई आणि शासनाची मदत ही दोन्ही मिळू शकतात.

मदतीचे स्वरूप

इंग्रजी अमदानीत दुष्काळ वा अतिवृष्टी झाली असता पैसेवारी काढून शेतसारा तहकूब वा माफ करीत आणि १८८३ व १८८४ च्या कायद्यांखाली तगाई कर्ज देत. तगाई हे कर्ज होते; ते फेडावे लागे. आजची मदत अनुदानाच्या रूपाने मिळते व परत करावी लागत नाही. तिचा पाया २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि त्यानुसार स्थापन झालेला राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हा आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात या निधीचा तीन चतुर्थांश हिस्सा केंद्र शासन देते, उरलेला राज्य शासन घालते.

केंद्राने ठरविलेल्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, पूर, गारपीट, दरड कोसळणे, ढगफुटी इत्यादींचा समावेश आहे. महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांनाही राज्याच्या यादीत घेतले. खाजण जमिनीचे बांध फुटून खारे पाणी भातात शिरण्याचा अनुभव ज्या गावांना आहे, त्यांच्या दृष्टीने उधाणाचा हा समावेश महत्त्वाचा आहे. अतिवृष्टीसाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस ही कसोटी लावतात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात असे दिवस प्रत्येक पावसाळ्यात येतात. म्हणून येथे पावसाच्या आकड्यापेक्षा पिकाचे नुकसान प्रत्यक्ष किती झाले यालाच अधिक महत्त्व येते.

नुकसान निदान ३३ टक्के असावे, हा मुख्य नियम आहे. २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेले दर कोरडवाहू पिकांना हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकांना १७,००० रुपये आणि बहुवार्षिक फळपिकांना २२,५०० रुपये असे होते व मदतीची मर्यादा दोन हेक्टरची होती. शेतात तीन इंचांहून अधिक गाळ बसल्यास तो काढण्यासाठी लहान शेतकऱ्यांना हेक्टरी १८,००० रुपये आणि दरडीने वा नदीचे पात्र बदलल्याने जमीनच वाहून गेल्यास अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,००० रुपये, अशी तरतूद होती.

राज्य शासन प्रसंगानुसार या दरांत आपली भर घालते. १ जानेवारी २०२४ च्या निर्णयाने हे दर अनुक्रमे १३,६००, २७,००० व ३६,००० रुपये केले आणि मर्यादा तीन हेक्टरपर्यंत वाढविली. २०२५ मध्ये पुन्हा केंद्राच्या निकषांकडे येण्याचा निर्णय झाला. म्हणून मागील आपत्तीत शेजाऱ्यास मिळालेल्या रकमेवरून आपला अंदाज बांधू नये. प्रत्येक आपत्तीनंतर निघणारा शासन निर्णय ग्रामपंचायतीत वा तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पाहून घ्यावा.

नियमात या मदतीला ‘निविष्ठा अनुदान’ म्हटले आहे, याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. बियाणे, खत, रोपे, मजुरी अशा गोष्टींसाठी हातभार लावून शेती पुन्हा उभी करणे हा तिचा हेतू आहे. पडलेल्या झाडाची किंमत वा बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देणे हा तिचा हेतू नाही. अपेक्षा व मदत यांत जे अंतर पडते आणि त्यातून जी नाराजी उद्भवते, तिचे मूळ बव्हंशी येथे आहे.

क्षेत्राचा हिशेब व झाडांचा हिशेब

‘निसर्ग’ वादळाच्या वेळी बहुवार्षिक पिकांसाठी केंद्राचा दर हेक्टरी १८,००० रुपये होता. कोकणातील नुकसानीचे स्वरूप पाहून राज्य शासनाने तो ५०,००० रुपये केला व दोन हेक्टरपर्यंत मदत दिली. वाढ मोठी होती. तरीही किनाऱ्यावरील गावांतून क्षेत्राऐवजी झाडे मोजून मदत द्यावी अशी मागणी झाली. तिचे कारण समजण्यासाठी थोडा हिशेब करणे उपयुक्त होईल.

हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. दहा मीटर अंतरावर लावलेल्या आंब्याच्या बागेत हेक्टरी शंभर झाडे बसतात. म्हणजे झाडामागे ५०० रुपये झाले. ज्याची बाग एक-दोन हेक्टरची आहे, त्याच्या हाती निदान लक्षात येण्याजोगी रक्कम पडते. परंतु समुद्रकाठचे आगर क्वचितच एवढे मोठे असते. दहा-पंधरा गुंठ्यांच्या आगरात वर माड, त्याखाली पोफळी, त्यांच्या सावलीत जायफळ, खोडावर मिरीचा वेल आणि पाटाच्या कडेने केळी, अशी पिकांची एकावर एक मांडणी असते. जमीन थोडी, पण तिच्यावर संसार चालतो. क्षेत्राचा हिशेब केला म्हणजे ही जमीन एकदाच मोजली जाते आणि दहा गुंठ्यांना जेमतेम ५,००० रुपये येतात.

२०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळानंतर जाहीर झालेल्या मदतीत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी ५०,००० रुपयांबरोबरच माडासाठी झाडामागे २५० रुपये आणि पोफळीसाठी ५० रुपये असा दर होता. याच दराने दहा गुंठ्यांतील अठरा माड व साठ पोफळी पडल्याचे धरले, तर माडांचे ४,५०० आणि पोफळींचे ३,००० मिळून ७,५०० रुपये होतात. क्षेत्राच्या हिशेबापेक्षा ही रक्कम दीडपट आहे. उलटपक्षी, विरळ लागवडीच्या बागेला क्षेत्राचा हिशेबच लाभाचा ठरतो. तात्पर्य, कोणत्याही पद्धतीने मदत दिली तरी बागेत झाडे किती व कोणती होती याची विश्वसनीय नोंद असल्याशिवाय योग्य रक्कम ठरविता येत नाही. पडलेली झाडे तोडून वाट मोकळी केल्यावर तर ती मोजणेही अवघड होते.

या संदर्भात अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे ज्या पिकांना विमा उपलब्ध नाही, त्यांच्यासाठी १९९४ च्या कायद्याने स्वतंत्र मदत योजना सुरू झाली. परंतु तिचा लाभ हवा असेल तर शेतकऱ्याने हंगामापूर्वीच अर्ज करावा लागतो, ठरलेले शुल्क भरावे लागते आणि आपल्या पिकाचे क्षेत्र कळवावे लागते. फळझाडे मेल्यास पुनर्लागवडीच्या खर्चाचा काही भाग देणारी दुसरी योजनाही तेथे आहे. आपल्याकडे आगाऊ अर्जाचे बंधन नाही, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी सवलत होय. परंतु आगाऊ नोंदीची गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

सातबारा, हिस्सेदार आणि पीकपाहणी

मदत अडण्याची कारणे पाहिली तर त्यांतील बरीचशी कागदपत्रांतच सापडतात. रत्नागिरी जिल्ह्यातील सातबाऱ्यावर पुष्कळदा एकेका गटात दहा-दहा, वीस-वीस नावे असतात. आजोबांच्या नावाची जमीन, वारसनोंद अर्धवट राहिलेली, हिस्सेदारांपैकी काही मुंबईस, काही पुण्यास, आणि प्रत्यक्ष बाग राखणारा गावी एकटा, अशी स्थिती घरोघर आढळते. सामाईक खात्याची मदत एकाच्या नावे जमा व्हावयाची असेल तर इतर हिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. वादळानंतर वीज नाही, दूरध्वनी नाही, रस्ते बंद, अशा वेळी मुंबईच्या भावबंदांच्या सह्या गोळा करणे किती कठीण होते, हे २०२० च्या जूनमध्ये अनेकांनी अनुभवले आहे; त्यात त्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे प्रवासावरही निर्बंध होते.

यावर उपाय एकच. गणपतीला वा शिमग्याला चाकरमानी मंडळी गावी येतात, तेव्हाच हे काम उरकून घ्यावे. मयत खातेदारांच्या वारसनोंदी कराव्यात. वाटप आपसांत ठरले असेल तर ते रीतसर नोंदवावे. वाटप करावयाचे नसेल, तर बाग कोण राखतो आणि मदत कोणाच्या खात्यात जमा व्हावी याविषयी सर्वांचे संमतीपत्र तयार ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांनी पुढाकार घेतल्यास यात वितुष्ट येण्याचे कारण नाही. उलट पैसे आल्यावर होणारे वाद टळतात.

दुसरी नोंद पिकाची. बाग प्रत्यक्षात उभी असूनही सातबाऱ्यावर ‘गवत’ वा ‘पड’ असा शेरा राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह करण्याची सोय झाली. भात पेरणाऱ्याला ही नोंद दर हंगामी करावी लागते हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. आंबा, काजू, माड, पोफळ यांची झाडे जागची हलत नाहीत म्हणून त्यांची नोंद आपोआप राहील, असे मानून पुष्कळ बागायतदार स्वस्थ बसतात. तसे न करता मिश्रपिकांसह आणि बांधावरील झाडांसह नोंद करावी, आणि ती सातबाऱ्यावर उमटली की नाही हे पाहावे.

यास जोड म्हणून प्रत्येक बागायतदाराने घरी एक साधी वही ठेवावी. गट क्रमांक, झाडाची जात, संख्या, लागवडीचे वर्ष आणि फळती झाडे किती, एवढे रकाने पुरेत. दरवर्षी उन्हाळ्यात झाडांची मोजणी करून बागेच्या चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. ही वही म्हणजे सरकारी दस्तऐवज नव्हे. परंतु पंचनामा करणाऱ्यापुढे ती ठेवली असता संख्या लिहिणे सोपे जाते आणि पुढे तक्रार करण्याची वेळ आल्यास पुरावा हाती राहतो.

पंचनाम्याच्या वेळी

नुकसानीचे पंचनामे महसूल, ग्रामविकास व कृषी या तीन खात्यांचे गावपातळीवरील कर्मचारी संयुक्तपणे करतात. पूर्वी तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक या नावांनी परिचित असलेली ही पदे आता अनुक्रमे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशी ओळखली जातात. एका कर्मचाऱ्याकडे अनेक गावे असतात आणि मोठ्या आपत्तीत हजारो पंचनामे थोड्या दिवसांत उरकावयाचे असतात. अशा वेळी शेतकऱ्याची पूर्वतयारी दोघांच्याही उपयोगी पडते.

वादळ शमताच, तारा तुटलेल्या नाहीत याची खात्री करून बागेत जावे. झाडे हलविण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. नुकसानीची माहिती ग्राम महसूल अधिकाऱ्यांना व सहायक कृषी अधिकाऱ्यांना लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी. घराकडे वा विहिरीकडे जाणारी वाट अडली असेल तर झाड तोडण्यास हरकत नाही, परंतु त्याचा बुंधा मोजणीसाठी जागेवर राहू द्यावा. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावे. ते शक्य नसल्यास शेजारी वा नातेवाईक यांना लेखी अधिकार देऊन ठेवावा. सही करण्यापूर्वी गट क्रमांक, पिकाचे नाव, क्षेत्र, झाडांची संख्या आणि नुकसानीची टक्केवारी हे पाच रकाने वाचून घ्यावेत. मुळासकट पडलेली, मध्ये मोडलेली आणि केवळ फळ गेलेली झाडे वेगवेगळी लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

याद्या ग्रामपंचायतीत लागतात तेव्हा त्या स्वतः पाहाव्यात. नाव गळले असल्यास तहसीलदारांकडे वेळीच अर्ज करावा. मदत थेट बँक खात्यात जमा होते. म्हणून आधार क्रमांक खात्याशी जोडलेला असणे, सातबाऱ्यावरील व आधारवरील नाव एकच असणे आणि सांगितल्यावर ओळख पडताळणी पुरी करणे, ही तीन कामे टाळू नयेत. मंजूर झालेली रक्कम केवळ नावातील फरकामुळे पडून राहावी, यासारखे दुर्दैव नाही.

पशुधनाची हानी

वादळात व पुरात गोठे पडून वा वाहून जाऊन जनावरे दगावतात. २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीस ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीस ४,००० रुपये, ओढकामाच्या बैलास ३२,००० रुपये आणि वासरास २०,००० रुपये अशी मदत होती. मोठी दुभती जनावरे तीनपर्यंत वा लहान दुभती तीसपर्यंत, अशी कुटुंबाची मर्यादा होती. कोंबड्यांसाठी पक्ष्यामागे १०० रुपये व कुटुंबास अधिकाधिक १०,००० रुपये दिले जात. परसात दहा-वीस गावठी कोंबड्या पाळणाऱ्या स्त्रियांना या तरतुदीची माहिती क्वचितच असते. ती त्यांना देणे हे ग्रामपंचायतीचे व बचत गटांचे कर्तव्य आहे.

जनावर दगावल्यास ते पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून पंचनामा करून घ्यावा. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असणे आता आवश्यक झाले आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने असा आदेश काढला की, बिल्ला नसलेले जनावर नैसर्गिक आपत्तीत दगावल्यास मदत देय होणार नाही. डोंगरात मोकाट चरणारी जनावरे बिल्ल्यावाचून राहतात. ती सोडण्यापूर्वी बिल्ला मारून घ्यावा.

मदतीचा विनियोग

मदतीची रक्कम मोठी नसते, हे वर आलेच आहे. म्हणून ती कोणत्या कामास आधी लावावी याचा विचार करावयास हवा. रक्कम हाती येण्यापूर्वीच करावयाचे एक काम आहे, ते म्हणजे वाचण्याजोगी झाडे वाचविणे. कललेली वा अर्धवट उपटलेली आंब्याची व काजूची तरुण झाडे पहिल्या काही दिवसांत उभी केली तर पुष्कळदा जगतात. फांद्यांचा भार कमी करावा, तुटलेली मुळे धारदार हत्याराने साफ कापावीत, मुळांच्या बाजूस चर खणून दोराच्या साह्याने झाड हळूहळू उभे करावे आणि माती दाबून टेकू द्यावा. कापलेल्या भागांस बोर्डो मलम लावावे. जखमी आंब्यावर खोडकिडा लवकर येतो. त्यासाठी पुढे वर्षभर खोडाची पाहणी चालू ठेवावी.

आगरात दुसराच धोका असतो. पडलेल्या माडांची खोडे तशीच कुजत राहिली तर त्यांत गेंड्या भुंग्याची पैदास होते आणि तो उभ्या राहिलेल्या माडांचे कोवळे सुईपान पोखरतो. वादळातून वाचलेले माड पुढच्या वर्षी भुंग्याने जावेत, असे घडू देऊ नये. खोडांचे तुकडे करून ती आगराबाहेर न्यावीत वा जाळून टाकावीत. हे काम एकट्या मालकाने केले आणि शेजाऱ्याने केले नाही तर उपयोग होत नाही. सबंध वाडीने मिळून करावे. वरची सावली गेल्यामुळे जायफळाला व लहान पोफळींना ऊन लागते. त्यांवर झापांची तात्पुरती सावली करावी.

नव्या लागवडीत पहिला खर्च उत्तम रोपांवर करावा. स्वस्त म्हणून कोठलीही रोपे आणू नयेत. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली, या विद्यापीठाच्या रोपवाटिका तसेच भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र यांच्याकडे रोपांची मागणी आगाऊ नोंदवावी. १९९० पासून महाराष्ट्रात रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड झाली व कोकणातील आंबा-काजूचे क्षेत्र वाढले. मोडलेली बाग पुन्हा लावताना फळबाग लागवडीच्या चालू योजनेचा लाभ मिळतो काय, याची चौकशी कृषी कार्यालयात करावी, म्हणजे आपत्ती मदतीची रक्कम इतर कामास उरेल. माड-पोफळीची रोपे वाढेपर्यंत मधल्या जागेत केळी लावल्यास कोवळ्या पोफळींना सावली मिळते आणि सुमारे वर्षाने हाती थोडे उत्पन्नही येते.

शेवटी एक गोष्ट पुन्हा सांगणे अस्थानी होणार नाही. शासनाच्या मदतीने गेलेली बाग परत येत नाही. ती बाग पुन्हा लावण्याचा आरंभ मात्र तिच्यामुळे होऊ शकतो. ज्याच्या पिकाला विमा मिळतो त्याने तो अवश्य उतरवावा व त्याची मुदत कोणत्या तारखेस संपते हे पाहावे. ज्याच्या पिकाला विमाच नाही, त्याने पुढील पावसाळ्यापूर्वी वारसनोंद, हिस्सेदारांची संमती, पीकपाहणी, जनावरांचे बिल्ले आणि झाडांची वही ही पाच कामे पुरी करावीत. यांपैकी एकाही कामास मोठा खर्च नाही. वादळ कोणत्या साली येईल हे कोणास सांगता येत नाही, परंतु मे महिना दरवर्षी येतो आणि ही कामे त्या महिन्यात सहज होण्यासारखी आहेत.